पाटी कोरी राहत नाही

ख्रिस्ती घरात नातवंडाला पहिली प्रार्थना बहुधा आजी शिकवते. जेवणाआधी हात जोडणे, झोपताना प्रभूची प्रार्थना म्हणणे, दावीद-गल्याथाची आणि योनाची गोष्ट ऐकणे, रविवारी आजोबांचे बोट धरून उपासनेला जाणे, अशा लहानसहान गोष्टींतून मूल श्रद्धेच्या जगात पाऊल टाकते. वसईच्या कॅथलिक घरांत तिन्हीसांजेला जपमाळ म्हटली जाते. गोव्यात तेर्स, म्हणजे जपमाळ, संपल्यावर मुले वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. नगर, पुणे, सोलापूरकडच्या प्रोटेस्टंट घरांत ‘उपासना संगीत’ उघडून गीत गायले जाते आणि मग कौटुंबिक प्रार्थना होते. संप्रदाय वेगळे असले, तरी प्रार्थनेच्या वर्तुळात बसलेली वयाने सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान माणसे एकमेकांच्या शेजारी असतात, हे चित्र सगळीकडे सारखेच आहे.

या रिवाजावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, लहान वयात धर्म शिकवणे म्हणजे मुलाच्या बुद्धीवर आधीच शिक्का मारणे होय. पाटी कोरी ठेवावी, मूल जाणते झाले की हवे ते स्वतः लिहील. दुसरा असा की, संगोपनाचा अधिकार आईबापांचा आहे आणि आजी-आजोबांनी त्यात ढवळाढवळ करू नये. तिसरा आक्षेप मंडळीच्या आतूनच येतो: आजीकडून मिळतो तो निव्वळ रिवाज, खरी श्रद्धा रविवारच्या शाळेत, धर्मशिक्षणाच्या वर्गात, जाणत्या धर्मगुरूकडून मिळते. तिन्हींत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते टिकून आहेत. पण त्या अंशावरून जो निष्कर्ष काढला जातो, तो तपासाला उतरत नाही.

पहिला आक्षेप जुना आहे. रूसोने 1762 साली प्रसिद्ध केलेल्या ‘एमिल’ या ग्रंथात आपल्या कल्पित शिष्याला पंधराव्या वर्षापर्यंत धर्माचा गंधही लागू दिला नाही. ज्या कल्पना मुलाच्या आकलनापलीकडच्या आहेत, त्या त्याच्या तोंडी घातल्या तर तो पोपटपंची करेल, असा त्याचा युक्तिवाद होता. आजच्या काळात रिचर्ड डॉकिन्स यांनी ‘द गॉड डिल्यूजन’ (2006) या पुस्तकात तोच मुद्दा अधिक कडक शब्दांत मांडला. चार वर्षांच्या मुलाला ‘ख्रिस्ती मूल’ म्हणणे हे त्याला एखाद्या अर्थशास्त्रीय पंथाचे अनुयायी म्हणण्याइतकेच विपरीत आहे. मुलाला आईबापांचा धर्म चिकटवू नये, असे त्यांचे म्हणणे आहे.

या युक्तिवादातली पहिली चूक पाटीच्या उपमेतच आहे. कोरी पाटी कोणत्याच घरात नसते. मूल बोलू लागते ते कोणत्या तरी एका भाषेत. काय खावे आणि काय खाऊ नये, कोणाला नमस्कार करावा, मेलेल्या माणसाला कुठे नेतात, पैसा कशावर खर्च करणे योग्य, गरीब दारात आला तर काय करावे, या प्रश्नांची उत्तरे त्याला कोणी धडा म्हणून शिकवत नाही. तरी पाच वर्षांचे होईपर्यंत ती त्याच्या अंगवळणी पडलेली असतात. ज्या घरात देवाविषयी कधीच काही बोलले जात नाही, तिथेही मूल एक गोष्ट शिकतेच: हा विषय बोलण्याच्या लायकीचा नाही. हीसुद्धा एक शिकवणच झाली. ती मौनातून मिळाली, एवढ्यावरून ती तटस्थ ठरत नाही. आजीची प्रार्थना थांबवली तर पाटी कोरी राहणार नाही. तिच्यावर दूरचित्रवाणी, जाहिराती आणि मोबाइल लिहू लागतील, आणि ते लिहिताना कोणी परवानगी मागणार नाही.

दुसरी चूक याहून मोठी आहे. बालपणी मिळालेला वारसा माणसाला जखडून टाकतो, असे हा आक्षेप गृहीत धरतो. इतिहास उलट साक्ष देतो, आणि ती साक्ष मराठी ख्रिस्ती समाजाच्या अगदी उंबरठ्यावर आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हिंदू घरात जन्मले आणि भक्तिकाव्याच्या संस्कारांत वाढले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरातून मिळालेल्या धर्माने त्यांना बांधून ठेवले नाही. तरीही त्याच घराने दिलेली ओवी, अभंग आणि कीर्तन घेऊनच ते ख्रिस्ती उपासनेत आले, आणि मराठी मंडळीला आपली वाटतील अशी गीते त्यांनी रचली. पंडिता रमाबाईंना आईवडिलांनी लहानपणापासून संस्कृत शिकवले, पुराणे पाठ करून घेतली. 1883 साली त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली केडगावच्या मुक्ती छापखान्यातून बाहेर पडले. बालपणी ग्रंथ ऐकण्याची आणि पाठ करण्याची जी शिस्त त्यांना लागली होती, ती त्या कामात वाया गेली असे म्हणता येणार नाही.

या दोन्ही उदाहरणांतून दिसते ते असे की, लहानपणी मिळालेली श्रद्धा मोठेपणी टाकून देता येते, बदलता येते किंवा अधिक खोल करता येते. पण तिन्हींसाठी आधी काहीतरी हाती असावे लागते. टिळक आणि रमाबाई यांनी धर्माविषयी गंभीर निर्णय घेतला, कारण धर्म ही गंभीर गोष्ट आहे हे त्यांना बालपणापासून ठाऊक होते. रूसोच्या शिष्याला पंधराव्या वर्षानंतर जो प्रश्न प्रथमच भेटतो, तो प्रश्न या दोघांच्या अंगणात आधीपासून होता. खुद्द डॉकिन्सही या नियमाला अपवाद नाहीत. ते अँग्लिकन वातावरणात वाढले, त्यांचे दृढीकरण झाले आणि किशोरवयात त्यांनी श्रद्धा सोडली. ज्या संगोपनाला ते बुद्धीवरचा शिक्का म्हणतात, त्यातूनच त्यांचा नकारही घडला.

निवडीचा मुद्दा चर्चला माहीत नाही, असेही नाही. बॅप्टिस्ट आणि त्यांच्याशी जवळच्या मंडळ्यांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतच नाहीत. समज आल्यावर व्यक्तीने स्वतः विश्वास कबूल करावा लागतो. जिथे बालबाप्तिस्मा आहे, त्या परंपरांतल्या अनेक ठिकाणी तरुणपणी दृढीकरणाचा विधी असतो आणि त्यात बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी मुलाच्या वतीने दिलेला शब्द ते मूल आता स्वतःच्या तोंडाने देते. म्हणजे आजीने शिकवलेल्या प्रार्थनेनंतर होकार-नकाराचा टप्पा येतो, हे त्या व्यवस्थेतच धरलेले आहे.

पहिल्या आक्षेपातला जो भाग खरा आहे, तो भीतीबद्दलचा आहे. खोटे बोललास तर नरकात जळशील, असे सांगून मुलाला गप्प करणारी आजी श्रद्धा रुजवत नसते, धाक बसवत असते. असा धाक मोठेपणी गळून पडतो आणि जाताना प्रार्थनाही सोबत घेऊन जातो. लहानग्यांना अडखळवणाऱ्याविषयी येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात जे कठोर शब्द उच्चारले आहेत, ते अशा वडीलधाऱ्यांनाही लागू पडतात. पण हा दोष पद्धतीचा आहे. छडी मारून पाढे शिकवणारे मास्तर होते म्हणून गणित शिकवणे बंद करावे, असे कोणी म्हणत नाही.

जुन्या करारात तर शिकवण्याची पद्धतही दिली आहे, आणि ती प्रश्नापासून सुरू होते. निर्गमाच्या पुस्तकात वल्हांडणाचा विधी सांगताना मुले या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा तो सांगा, असे म्हटले आहे. अनुवादाच्या चौथ्या अध्यायात डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी मुलांना आणि मुलांच्या मुलांना कळवा, अशी आज्ञा आहे. नातवंडांचा वेगळा उल्लेख तिथे मुद्दाम केला आहे. आजी-आजोबांचे काम त्यातून स्पष्ट होते: जे स्वतः पाहिले, अनुभवले, ते सांगायचे आणि मुलाने विचारले की उत्तर द्यायचे. ही साक्ष झाली, लादणे वेगळे.

दुसरा आक्षेप अधिकाराचा आहे, आणि इथे चर्चची भूमिका आक्षेप घेणाऱ्यांच्या समजुतीपेक्षा बरीच संयमी आहे. कॅथलिक धर्मसंहितेच्या 868व्या कलमानुसार तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा चर्चच्या नियमाला धरून करण्यासाठी किमान एका पालकाची संमती लागते. त्यातून सवलत फक्त मुलाच्या जिवाला धोका असतो तेव्हाच. नातवंड घरी आले असताना आईबापांच्या नकळत त्याला चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा उरकणे हे आजीच्या प्रेमाचे लक्षण समजले जात असेल, पण चर्चच्याच कायद्याला ते मान्य नाही. असे गुप्त बाप्तिस्मे काय अनर्थ घडवतात, हे 1858 सालच्या बोलोन्यातल्या मोर्तारा प्रकरणाने दाखवले. एका ज्यू कुटुंबातल्या मुलाला घरच्या मोलकरणीने आजारपणात गुपचूप बाप्तिस्मा दिला होता, आणि त्या आधारावर पोपच्या राज्याच्या पोलिसांनी सहा वर्षांच्या एदगार्दोला आईबापांकडून काढून नेले. त्या प्रकरणाची बदनामी चर्चला आजतागायत चिकटून आहे, आणि ती योग्यच आहे.

मात्र यावरून आजी-आजोबांनी तोंड बंद ठेवावे, असे ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, जो भारताने 1992 साली स्वीकारला, चौदावे कलम मुलाचे धर्मस्वातंत्र्य मान्य करते आणि त्या स्वातंत्र्याच्या वापरात मुलाला वाढत्या समजेनुसार वळण देण्याचा आईबापांचा व पालकांचा हक्क राखते. पाचव्या कलमात मुलाला मार्गदर्शन करणाऱ्यांच्या यादीत आईबापांसोबत, जिथे स्थानिक रीत तशी असेल तिथे, विस्तारित कुटुंबातल्या माणसांचाही उल्लेख आहे. म्हणजे आधुनिक कायद्याच्या भाषेतही आजी परकी नाही. तिचा अधिकार दुय्यम आहे, शून्य नाही.

दुय्यम अधिकाराचा अर्थ व्यवहारात साधा आहे. आईबापांनी चर्चला जाणे सोडले असेल, तर आजीने त्यांच्या पाठीमागे नातवाला शिकवणीला लावू नये, त्यांची निंदाही मुलापुढे करू नये. पण ती स्वतः जेवणाआधी प्रार्थना करत असेल, तर नातू पाहतो म्हणून तिने ती लपवण्याचे कारण नाही. मूल विचारते, आजी, तू डोळे का मिटलेस? या प्रश्नाला खरे उत्तर देणे म्हणजे ढवळाढवळ नव्हे. आंतरधर्मीय विवाहातून झालेल्या मुलाला दोन आज्या असतात. एकीकडे नाताळचा तारा लागतो, दुसरीकडे दिवाळीचा आकाशकंदील. दोघींनी दुसरीच्या घराचा मान राखून आपापले खरे सांगितले तर मुलाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते दोघींनी त्याला रस्सीखेचीचा दोर केले तर.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंग्टसन यांच्या दीर्घ अभ्यासातून याच दिशेने जाणारा निष्कर्ष निघाला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या साडेतीनशेहून अधिक कुटुंबांच्या अनेक पिढ्यांचा मागोवा 1970च्या दशकारंभापासून घेतला गेला, आणि ‘फॅमिलीज अँड फेथ’ हे पुस्तक 2013 साली आले. धर्म पुढच्या पिढीत उतरतो की नाही, हे मोठ्या प्रमाणात नात्यातल्या जिव्हाळ्यावर अवलंबून असते, असे त्यात आढळले. आजी-आजोबांचा प्रभाव तिथे अनेक रूपांत दिसला: कधी ते आईबापांच्या शिकवणीला आधार देतात, कधी त्यांची उणीव भरून काढतात, कधी तिच्या आड येतात. एका देशाच्या एका भागातला अभ्यास सगळ्या जगाला लावता येत नाही. पण घरात धाक आणि कुरघोडी असेल तर श्रद्धा पुढे जात नाही, हे सांगायला त्याची साक्ष पुरेशी आहे.

तिसरा आक्षेप धर्मनिष्ठ माणसांचा असल्याने अधिक बोचतो. आजी जपमाळ शिकवते, पण तिला धर्मतत्त्वे कुठे ठाऊक असतात? ती क्रूसाला हार घालते, दृष्ट काढते, संताला नवस बोलते; यात श्रद्धा किती आणि सवय किती? हा प्रश्न वाजवी आहे. पण ‘आजी म्हणजे रिवाज, चर्च म्हणजे श्रद्धा’ ही वाटणी ख्रिस्ती परंपरेच्या मूळ ग्रंथालाच मान्य नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात त्याच्या निष्कपट विश्वासाचा उल्लेख येतो, आणि तो विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असे नावानिशी सांगितले आहे. तीमथ्याचा बाप ग्रीक होता, असे प्रेषितांच्या कृत्यांत म्हटले आहे. आजीसाठीचा ग्रीक शब्द नव्या करारात या एकाच ठिकाणी येतो, आणि तिथे तो रिवाजाच्या नव्हे, विश्वासाच्या संदर्भात येतो.

चौथ्या शतकातले कैसरियाचे बिशप बासिल हे चर्चच्या मोठ्या धर्मशास्त्रज्ञांपैकी एक. त्यांच्या शिकवणीवर संशय घेतला गेला, तेव्हा आपल्या पत्रांत त्यांनी दिलेल्या पुराव्यांत आजीचे नाव होते. थोरल्या माक्रीना यांनी संत ग्रेगरी थॉमातुर्गस यांची वचने जपून ठेवून आपल्याला लहानपणी शिकवली, आणि देवाविषयीचे आपले मूळ ज्ञान आई व आजीकडून आलेले आहे, असे ते सांगतात. या माक्रीना पतीसह रोमी छळाच्या काळात कित्येक वर्षे पोंतसच्या रानात लपून राहिल्या होत्या. त्यांनी नातवाला दिले ते निव्वळ सणवार नव्हते. छळात राखलेले तत्त्वज्ञान होते.

घराला काय टिकवता येते, हे जपानइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. तिथे 1614 साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि 1640च्या दशकापर्यंत एकही धर्मगुरू उरला नाही. तरी नागासाकीच्या आसपासच्या गावांत वडीलधारी माणसे बाळांना बाप्तिस्मा देत राहिली, ‘ओराशो’ नावाच्या प्रार्थना तोंडी शिकवत राहिली, सणांचे पंचांग सांभाळत राहिली. 17 मार्च 1865 रोजी उराकामीच्या काही गावकऱ्यांनी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये येऊन फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना आपली ओळख सांगितली, तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूवाचून गेली होती. तितका काळ तिथे रविवारची शाळा नव्हती, चर्चही नव्हते. फक्त घर होते. या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रार्थनांतल्या लॅटिन-पोर्तुगीज शब्दांचा अर्थ कालांतराने हरवला, स्थानिक विधी मिसळले, आणि काही गटांनी पुढे कॅथलिक चर्चकडे परतायचे नाकारले. घर एकटे पडले तर परंपरेचा अर्थ झिजतो, हे खरे; पण घर नसते, तर परतायला किंवा परतायचे नाकारायला कोणीच उरले नसते.

सोव्हिएत रशियाचा अनुभव याला जोडून आहे. एप्रिल 1929च्या कायद्याने धार्मिक संस्थांना मुलांसाठी खास सभा, वर्ग किंवा उपक्रम चालवायला मनाई केली. चर्चे बंद पडली, धर्मगुरू तुरुंगात गेले. 1937च्या जनगणनेत धर्माविषयी प्रश्न विचारला गेला, तेव्हा अर्ध्याहून अधिक प्रौढांनी आपण श्रद्धाळू असल्याचे सांगितले, आणि ती जनगणनाच दडपली गेली. पुढच्या दशकांत आईबाप कारखान्यात आणि मूल आजीजवळ, अशा घरांतून धर्माची ओळख पुढे सरकली. नोकरीच्या भीतीने आईबाप गप्प असत. निवृत्त आजीला गमावण्यासारखे फार नव्हते.

मराठीशी जोडलेले उदाहरण ‘क्रिस्तपुराणा’चे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा सुमारे 11,000 ओव्यांचा ग्रंथ 1616 साली गोव्यात छापला गेला, पुढे 1649 आणि 1654 साली पुन्हा. त्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. ग्रंथ वाचला तो रोमी लिपीतल्या हस्तलिखितांमुळे; गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती लोकांकडे जपलेल्या अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. छापखान्याला जे जपता आले नाही, ते माणसांच्या हातांनी जपले.

भाषेचा मुद्दा इथेच येतो, आणि तिसऱ्या आक्षेपाला तो सर्वांत जड जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) कॅथलिक मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आले. तरी इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या, आखाती देशांत किंवा कॅनडात वाढणाऱ्या नातवंडाला मराठी प्रार्थना ऐकू येते ती बहुधा आजीच्या तोंडून, आजकाल मोबाइलच्या पडद्यावरून. धर्मशिक्षणाचा वर्ग त्याला तत्त्वे शिकवील, पण ती तत्त्वे त्याच्या पूर्वजांनी कोणत्या शब्दांत जगली, हे वर्गाला सांगता येत नाही. ज्या आजीला तत्त्वे नीट ठाऊक नाहीत, तिला वगळणे हा उपाय नव्हे. मंडळीने तिला शिकवणे हा आहे. पाळक आणि धर्मगुरू रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी वर्ग घेतात, तसेच आजी-आजोबांसाठीही घेता येतील. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिवस सुरू केला. तो फक्त गुलाबाचे फूल देण्यापुरता उरला, तर संधी वाया गेली असे म्हणावे लागेल.

रिवाजाला तुच्छ लेखणे हीही चूकच आहे. श्रद्धा आधी शब्दांत येते आणि मग सवयीत उतरते, असे प्रौढांच्या बाबतीत घडत असेल. मुलाच्या बाबतीत क्रम उलटा असतो. ते आधी हात जोडते, मग विचारते, मग समजते. टिळकांच्याच घरात पुढे काय झाले, ते पाहण्याजोगे आहे. लक्ष्मीबाईंनी पतीनंतर पाच वर्षांनी, 1900 साली, स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पुढे नेले आणि शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी, लिहिला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची संपूर्ण आवृत्ती नातू अशोक टिळक यांनी संपादित केली. पहिल्या पिढीने श्रद्धा निवडली, आणि पुढच्या दोन पिढ्यांनी ती निवड वाचण्याजोगी ठेवली.

तिन्ही आक्षेपांचा निवाडा यातून असा होतो. मुलाला धाक घालू नये, ही पहिल्याची मागणी रास्त आहे. पाटी कोरी ठेवा, ही अशक्य आहे. आईबापांना डावलू नये, ही दुसऱ्याची मागणी रास्त आहे, आणि चर्चचा कायदाही तेच सांगतो. आजीने आपली श्रद्धा लपवावी, ही अन्याय्य आहे. रिवाजाला अर्थाची जोड हवी, ही तिसऱ्याची मागणी रास्त आहे. रिवाजच नको, ही परंपरेच्या मुळावर घाव घालणारी आहे. आजीने शिकवलेली प्रार्थना नातवाला मोठेपणी सोडता येते, जपता येते, नव्याने समजून घेता येते. जी त्याने कधी ऐकलीच नाही, तिच्याबाबतीत त्याला यांपैकी काहीच करता येत नाही.